शहाण्णवचे बारा विभाजक

आमच्या शाळेतले खेळाचे सर बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. त्यामुळे त्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या लेझमीचं काम माझ्याकडे आलं. मी गणित शिकवते. लेझीम मी शाळेत असतानाही कधी धड खेळले नव्हते. तसं मी मुख्याध्यापकांना सांगितलं, तर ते म्हणाले की नाच मुलींना येतो, तुम्ही फक्त रांगा सांभाळा, रांगा म्हणजे गणितच. ते अर्धवट गमतीने बोलले होते. मी मात्र ते फारच मनावर घेतलं.

आमची शाळा म्हसावदच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मुली तिथेच राहतात. बहुतेक सातपुड्याच्या आतल्या गावांमधल्या, घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या. मी शहाद्याहून स्कूटीवर येते. माझ्या घरी अहिराणी. त्यामुळे वर्गात आम्ही जे मराठी बोलतो ते त्यांचंही शाळेतलं आणि माझंही शाळेतलंच. कधी एखादा शब्द त्यांना अडतो, कधी मला, आणि मग आम्ही दोन्हीकडून हातवारे करून काम भागवतो.

डिसेंबरात सराव सुरू केला. सहावी ते आठवीच्या सगळ्या मुलींना मैदानावर उभं केलं आणि आठ-आठच्या रांगा करायला सांगितल्या. बारा रांगा झाल्या आणि एक मुलगी उरली. मग सहा-सहाच्या करून पाहिल्या, तरी एक उरली. चार-चारच्या केल्या, तेव्हाही तेच. मोजलं तेव्हा कळलं, मुली सत्त्याण्णव होत्या.

दुसऱ्या कुणाला ती कटकट वाटली असती. मला आनंद झाला. वर्गात शिकवायला असा प्रश्न आयता हाती लागणं, तोही मुलींच्या स्वतःच्या पायांखालचा, हे गणिताच्या शिक्षकाला वर्षातून एखाद्या वेळीच मिळतं. विभाजक किती आहेत ते मूळ अवयवांवरून मोजायचं, हे शिष्यवृत्तीच्या परीक्षेत विचारतात आणि मुली ते नेहमी पाठ करून विसरतात. मी ठरवलं की या वेळी लेझमीवरूनच शिकवायचं.

दुसऱ्या दिवशी सातवी आणि आठवी एकत्र बसवली. फळ्यावर मोठ्या आकड्यात ९७ लिहिलं आणि विचारलं, एवढ्या मुलींच्या सारख्या रांगा कशा कराल? मुली भराभर भागायला लागल्या. दोनने जात नाही, संख्या विषम आहे. तीनने नाही, अंकांची बेरीज सोळा येते. पाचने नाही. सातने करून पाहिलं, तेरा साते एक्क्याण्णव, खाली सहा उरले. त्याच्या पुढची मूळ संख्या अकरा, पण अकराला अकराने गुणलं की एकशे एकवीस होतात, म्हणजे पुढे शोधायचं कारणच नाही. एक आठवीची मुलगी म्हणाली, मूळ संख्या आहे मॅडम. मी म्हटलं, बरोबर. हिचे विभाजक दोनच. एक आणि सत्त्याण्णव. म्हणजे एक तर सगळ्या जणी एका लांबलचक ओळीत, नाही तर एकीमागे एक. मैदानावर दोन्ही दिसायला वाईट.

मग मी म्हटलं, आता यातून एक कमी करून बघू.

हे वाक्य मी किती सहज म्हटलं ते मला स्पष्ट आठवतं. खडू झाडला, सात पुसला आणि तिथे सहा लिहिला.

शहाण्णवचे तुकडे मुलींनीच पाडले. अठ्ठेचाळीस, चोवीस, बारा, सहा, तीन. पाच वेळा दोन आणि एकदा तीन. मी लिहिलं, दोनचा पाचवा घात गुणिले तीन. मग रीत सांगितली, प्रत्येक घातांकात एक मिळवा आणि गुणाकार करा. पाच अधिक एक सहा, एक अधिक एक दोन, सहा दुणे बारा. शहाण्णवचे विभाजक बारा. एकीने विचारलं, मॅडम, एक कशाला मिळवायचा? मला तो प्रश्न फार आवडला. मी समजावलं की विभाजक तयार करताना दोन आपण पाच वेळा घेऊ शकतो, चार वेळा घेऊ शकतो, असं उतरत उतरत एकदा घेऊ शकतो, आणि एकदाही न घेणं हीदेखील एक रीत आहे. ती धरली की सहा होतात. तीनचंही तसंच, घ्या किंवा घेऊ नका, दोन रीती. मुलींनी मग बाराच्या बारा विभाजक लिहून काढले आणि ताळा जमला तेव्हा वर्गात छान गलका झाला. मी फळ्यावर मैदान काढलं. आठ बारांच्या रांगा, मग ढोलाच्या एका ठेक्यावर सहा सोळांच्या, मग चार चोवीसांच्या. प्रत्येक वेळी चौकोन पुरा भरलेला. कुणी मध्ये लोंबकळत नाही.

वर्गाच्या मागच्या बाकावर, दाराजवळ, सातवीची एक मुलगी बसायची. ती त्या वर्षीच आमच्या शाळेत आली होती, तेही सगळ्यांच्या नंतर, ऑगस्टमध्ये. तिचं गाव नर्मदेच्या काठी, मणिबेलीकडच्या अंगाला. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलंय आणि राहिलेली घरं वर उतारावर आहेत. बोटीशिवाय तिथून निघता येत नाही, आणि पावसात वारा सुटला की बोट बंद असते. म्हणून तिला उशीर झाला होता. हजेरीत तिचं नाव सगळ्यात खाली होतं. ती यायच्या आधी त्या तीन वर्गांत मुली शहाण्णव होत्या. मी हे वर्गात बोलले नाही. बोलायची गरज नव्हती, प्रत्येकीला ते माहीत होतं.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी बसते."

मी तिला सांगितलं नव्हतं, नजरेनेही सुचवलं नव्हतं. पण ती बोलली तेव्हा मला हायसं वाटलं, हे खरं आहे. कुणाला बाहेर ठेवायचं हा प्रश्न मला आता सोडवायचा नव्हता. मी म्हटलं, "शाब्बास. याला म्हणतात समजूतदारपणा." आणि वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. तिला बाहेर ठेवलं यापेक्षा त्या टाळ्यांचं मला जास्त वाईट वाटतं.

सराव जोरात सुरू झाला. तिच्याकडे मी पाण्याचं पिंप आणि चपला सांभाळायचं काम दिलं. मुली अनवाणी खेळायच्या, त्यामुळे मैदानाच्या कडेला चपलांचा ढीग पडायचा. ती त्या जोड्या लावून ठेवायची, स्वेटर घड्या घालून ठेवायची. तिच्या तोंडावर नाराजी मला कधी दिसली नाही. खरं सांगायचं तर मी फार वेळ पाहिलंही नाही. माझं लक्ष चौकोनांकडे होतं. आठ बाराचे सहा सोळा होताना मधल्या दोन रांगा गोंधळायच्या आणि मी शिट्टी वाजवून पुन्हा पुन्हा करून घ्यायचे.

सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर सगळं उत्तम झालं. रांगा उलगडल्या, मिटल्या, एकदाही कुणाचा पाय चुकला नाही. लोकांनी मनापासून दाद दिली. कार्यक्रमानंतर आम्ही सगळे शामियान्यामागे जिलबी खात उभे होतो, तेव्हा मुख्याध्यापक जवळ आले. त्यांनी कौतुक केलं आणि मग चपलांजवळ बसलेल्या त्या मुलीकडे बघून म्हणाले, "तिला पुढे उभी करायची होती, मॅडम. शिट्टी देऊन. मागे शहाण्णव, पुढे एक. झालं असतं."

टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. जिलबी खाता खाता त्यांना सुचलं, ते बोलले, आणि लगेच दुसऱ्या कुणाशी बोलायला वळले. मी हसून म्हटलं, सुचलंच नाही सर. शिट्टी माझ्या गळ्यात होती.

एवढी सोपी गोष्ट. लेझमीच्या प्रत्येक पथकापुढे एक जण असतोच. आणि तेही नको असेल, तर मी स्वतः एका टोकाला उभी राहिले असते. अठ्ठ्याण्णव झाल्या असत्या, दोन गुणिले सातचा वर्ग, विभाजक सहा, सात चौदांच्या रांगा सुरेख जमल्या असत्या. मी गणिताची शिक्षिका. सत्त्याण्णवचं काय करता येईल याचा विचार करताना मी फक्त एक वजा करून पाहिला. एक मिळवून पाहिलाच नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. तो पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरीला आहे, गळीत हंगाम चालू होता आणि तो दमून आला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू तिले काढं नही. ती सोताच बसनी ना? मंग?" तो म्हणाला ते शब्दशः खरं होतं. तरी मला ठाऊक होतं की दाराजवळच्या बाकाऐवजी पहिल्या बाकावरची, आठवीतली माझी ती हुशार मुलगी उभी राहून 'मी बसते' म्हणाली असती, तर मी लगेच म्हटलं असतं, छे, तू कशाला, थांब, काहीतरी करू. आणि मला काहीतरी सुचलं असतं. ही नवी होती, तिचं मराठी अडखळतं होतं, तिच्याबद्दल मला फारसं काही माहीत नव्हतं. म्हणून मला सुचलं नाही.

फेब्रुवारीत माझ्या लक्षात यायला लागलं की ती सगळ्यातूनच बाजूला होतेय. खो-खोला गट पाडताना एक मुलगी जास्त झाली की ती आपणहून कडेला जायची. प्रयोगशाळेत स्टुलं कमी पडली की ती उभी राहायची. वसतिगृहाच्या अधीक्षिका एकदा चहा पिताना सांगत होत्या की जेवायला पंगत भरली की ती मुलगी उठून म्हणते, मी मागून बसते. त्या बाईंना तिचं कौतुक वाटत होतं. फार समजूतदार पोर आहे, असं त्या म्हणाल्या. तो शब्द मीच तिला दिला होता.

मी तिला बोलावून घेतलं. विचारलं की तू सारखी बाजूला का होतेस. तिने जमिनीकडे बघत सांगितलं, "चालतं मॅडम." मी आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. पण घंटा झाली, पुढचा तास होता, आणि खरं म्हणजे काय बोलावं ते मला कळत नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला जाऊ दिलं.

मग होळी आली. होळीला आमची शाळा रिकामी होते. डोंगरातल्या लोकांचा तो सगळ्यात मोठा सण, मुली आठवडाभर आधीपासून बाजाराच्या आणि नाचाच्या गोष्टी करतात आणि मग वडील, काका, भाऊ येऊन त्यांना घेऊन जातात. होळी झाल्यावर त्या हळूहळू परतल्या. ती परतली नाही. तिच्या गावात फोन लागत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, मोहाची फुलं वेचायचे दिवस आहेत, तिकडच्या मुली उशिरानेच येतात. मी थांबले. तिच्या बाजूच्या गावांमधल्या दोघी आल्या, तरी ती आली नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ती येणार नाही म्हणते.

एका शनिवारी मी अधीक्षिकांना म्हटलं, आपण जाऊ. त्या मूळच्या धडगावकडच्या, तिकडची बोली त्यांना येते. त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं, पण हो म्हणाल्या. रविवारी पहाटेच्या बसने निघालो. धडगावला उतरून जीप, जीप जिथे थांबली तिथून उतार, आणि खाली पाणी. मी जन्मापासून याच जिल्ह्यात, पण तापीकाठची. आमच्याकडे कापूस, केळी, ऊस, सपाट जमीन, आणि रस्ता सगळीकडे जातो. त्या पाण्याजवळ मी पहिल्यांदाच आले होते. बोटीतून जाताना मध्येच पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले दिसत होते. अधीक्षिका म्हणाल्या, इथे खाली शेतं होती. ही मुलगी दर सुट्टीला त्या शेतांवरून बोटीने शाळेत येते आणि जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

घर चढावर होतं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, जड वास सगळीकडे भरला होता. ती टोपली घेऊन येत होती. आम्हाला पाहून जागीच थबकली. मग टोपली ठेवली, पळत आत गेली, पाणी आणलं, खाट टाकली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. वडील जाळं घेऊन पाण्यावर गेले होते. आईच्या कडेवर लहान मूल होतं.

अधीक्षिका आईशी बोलायला लागल्या. मला त्यांच्यातलं काही कळत नव्हतं. मी फुलांकडे आणि त्या मुलीच्या पायांकडे बघत राहिले. बराच वेळ त्या दोघी साधं, शांत बोलत होत्या. मग आई काहीतरी म्हणाली. अधीक्षिकांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "ती म्हणते, आम्ही हिला थांबवलं नाही. हीच म्हणाली, शाळेत मी नसले तरी सगळं बरोबर जमतं. इथे हात कमी पडतात."

आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पोरीने सांगितलं, तिला ते पटलं, संपलं.

मी मुलीकडे पाहिलं आणि म्हटलं की वार्षिक परीक्षा जवळ आली आहे, तू चल, आम्ही तुला न्यायलाच आलोय. ती आईच्या मागून थोडी पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी होती. एखाद्या मोठ्या माणसाला त्याच्या लक्षात न आलेली अडचण दाखवून द्यावी तसं ती म्हणाली, "मॅडम, परत सत्त्याण्णव होतील."

मी म्हटलं, "होऊ देत."

एवढंच. वाटभर बसमध्ये, जीपमध्ये, बोटीत मी जे जे जुळवत आले होते, त्यातलं एकही वाक्य मला तिथे आठवलं नाही. तिला मिठीत घ्यावंसं वाटलं, पण ती माझी मुलगी नव्हती आणि तिची आई तिथे उभी होती.

आईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकर आणि मासे. मी घरी मासे खात नाही, तिथे खाल्ले. मुलगी आम्हाला वाढत होती आणि मी तिला सारखी म्हणत होते, तूही बस. ती मानेने हो म्हणायची आणि परत आत जायची. निघताना आई म्हणाली की मोह संपला की बघू. अधीक्षिकांनी मला ते मराठीत सांगितलं, आणि त्याचा अर्थ होही होतो आणि नाहीही, असंही सांगितलं.

परतीच्या बोटीत त्या मला समजावत होत्या. मोहाच्या दिवसांत प्रत्येक घरात हेच असतं, घरात तान्हं मूल आहे, आई एकटी किती वेचणार. पोरींना घरी राहायचं असलं की त्या काहीही कारण सांगतात. तुम्ही तिचं बोलणं इतकं मनाला लावून घेऊ नका. त्या अनुभवी आहेत आणि त्यांचं चुकत नसावं. मलाही तसं मानायला आवडलं असतं. कदाचित ती मोहासाठीच थांबली होती आणि माझ्या वर्गातलं वाक्य तिला फक्त सांगायला सोपं पडलं. कदाचित तसं नसेलही. यातला माझा वाटा किती, हे मला कुणीच सांगू शकत नाही. वाटा अगदी थोडा असेल, या आशेचीच मला लाज वाटते.

परीक्षेला ती आली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती वडिलांबरोबर दारात उभी. हातात पत्र्याची पेटी, केसांना भरपूर तेल. वडिलांनी मुख्याध्यापकांशी बोलून तिला आठवीत बसवण्याची सोय करून घेतली. परीक्षा मागाहून घेतली गेली, ती पास झाली. माझ्या त्या फेरीमुळे ती आली असं म्हणायला मला आवडेल, पण वडिलांनी सांगितलं की तिच्या गावातली एक मुलगी कॉलेजला गेली, तिला पाहून हिने हट्ट धरला.

त्याच आठवड्यात मी तिला व्हरांड्यात थांबवलं. या वेळी घंटा व्हायला वेळ होता. मी तिला म्हटलं, "गेल्या वर्षी लेझमीच्या वेळी माझं चुकलं. तुला बसू द्यायला नको होतं. तू जास्तीची नव्हतीस."

तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "हो मॅडम." रोज वर्गात, समजलं का असं विचारल्यावर जसं म्हणते, अगदी तसंच. थोडा वेळ ती थांबली, मी आणखी काही बोलते का ते पाहायला. मग तिने विचारलं की आठवीचं विज्ञानाचं पुस्तक तिला मिळालं नाही, ते कुठे मिळेल. मी पुस्तक आणून दिलं. माफी मागितली की हलकं वाटतं असं मी ऐकलं होतं. मला तसं काही वाटलं नाही. मी माझ्या अंगावरचं ओझं उतरवायला गेले होते आणि ते धरायला एका लहान मुलीला उभं केलं, असं मात्र वाटलं.

त्यानंतर मी जे करायला लागले ते कदाचित जास्तच वाईट होतं. मी तिला पहिल्या बाकावर आणलं. प्रश्न विचारला की आधी तिच्याकडे बघायचे. फळ्यावर तिला बोलवायचे. उत्तर साधं असलं तरी कौतुक करायचे. एकदा तिने तीनशे साठचे विभाजक मूळ अवयवांवरून मोजले, चोवीस, अगदी बरोबर, आणि मी इतकी स्तुती केली की पूर्ण वर्ग एकमेकींकडे बघायला लागला. थोड्याच दिवसांत मुली तिला मॅडमची लाडकी म्हणायला लागल्या आणि मधल्या सुट्टीत तिच्याशी बोलेनाशा झाल्या. हे मला अधीक्षिकांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, मॅडम, तुम्ही आता तिला जरा सोडा. मी तिला परत मधल्या बाकावर बसू दिलं. तिथे तिची एक मैत्रीण झाली, मग आणखी दोघी. त्यात माझा हात नव्हता.

त्या चौघींनी यंदा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पत्र्याच्या डब्याची सौरचूल केली. आतून चकचकीत कागद, वर काच, आणि त्यात खरोखर भात शिजायचा. आम्ही सकाळी जीपने निघणार होतो, म्हणून मी त्या दिवशी स्कूटी आणली नव्हती. जीप आली तेव्हा तिच्यात आधीच दुसऱ्या शाळेची मुलं बसलेली होती. चूल ठेवल्यावर एक जागा कमी पडली. मी तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत मी घाईघाईने खाली उतरले, चौघींना आत बसवलं, ड्रायव्हरला जायला सांगितलं आणि म्हटलं, मी मागून एसटीने येते. जीप गेली तेव्हा मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

एसटी उशिरा आली. मी पोहोचले तेव्हा चौघी प्रदर्शनाच्या हॉलबाहेर उन्हात उभ्या होत्या, चूल पायाशी. शिक्षक बरोबर असल्याशिवाय टेबल देत नाहीत, असं त्यांना दारावर सांगितलं होतं. परीक्षकांची एक फेरी होऊन गेली होती. भात त्यांनी बाहेरच उन्हात शिजवला होता, पण तो पाहायला कुणी नव्हतं.

ती पुढे आली. इतका राग मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "मॅडम, तुम्ही का उतरल्या? मी मागे चुलीजवळ बसले असते. जागा होती. तुम्ही विचारलंच नाही."

खरंच, मी विचारलं नव्हतं. तिला काय हवंय ते न विचारता मी पुन्हा एकदा माझ्या मनाने ठरवून मोकळी झाले होते.

मी चौघींची माफी मागितली, टेबल मिळवलं, आणि आयोजकांच्या मागे लागून एका परीक्षकांना परत बोलावून आणलं. त्यांनी भाताचं शीत दाबून पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि पुढे गेले. बक्षीस मिळालं नाही. मुलींनी उरलेला भात मीठ घालून खाल्ला. मलाही एका कागदावर थोडा दिला. तिने नाही, दुसरीने.

परतताना जीप रिकामी होती. त्या चौघी मागे बसल्या आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी. शहाद्याच्या बाहेर आल्यावर मागून पावरीत बोलणं सुरू झालं आणि मग हसणं. त्यात 'मॅडम' हा शब्द दोनदा आला. तिचा आवाज सगळ्यात मोठा होता. मला काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.